आकाशातून काढलेला फोटो

ओमप्रकाश प्लॉटवाल्याने दुकानात इंटरनेट घेतले आणि गिऱ्हाइकाला खुर्चीत बसूनच जमीन दाखवण्याचा तोरा त्याच्या अंगात आला. सिंदी मेघेत घर बांधायला निघालेली रुख्माबाई आणि तिचा मुलगा धनंजय त्याच्यासमोर बसले होते.

"हा आकाशातून काढलेला फोटो आहे, मावशी. एकदम लाइव्ह. तुमी आता थितं उभ्या असत्या, त तुमीबी दिसल्या असत्या."

"आमच्या प्लॉटवर हा काळा गोल कायचा?" रुख्माबाईने विचारले. "काल आमी पाह्यला तवा त थितं सपाट मुरूम होता."

"काचेवर डाग पडला, मावशी." ओमप्रकाशने रुमालाने पडदा पुसला. डाग गेला नाही. त्याने माऊस ओढला, तर प्लॉट सरकला आणि प्लॉटसोबत डागही सरकला. मग चष्मा चढवून तो पडद्याला नाक लावून पाहू लागला.

"फोटो जुना असन, भाऊ," धनंजय म्हणाला.

"जुना कसा असन? लाइव्ह आहे म्हटलं ना तुले," ओमप्रकाश चिडला. "पण हे विहीर काऊन दिसून राह्यली? ते त आमी मागच्या उन्हाळ्यातच बुजवली."