दुसरी गोळी

"खांद्याला लावून बघ," रॉस म्हणाला आणि नवी रायफल त्याने काउंटरवरून यतिनच्या हातात दिली.

यतिनने भिंतीवरच्या शिंगांवर नेम धरला आणि गोळी भरायचा दांडा, बोल्ट, ओढला. सरळ मागे, सरळ पुढे. बस्स. त्याच्या जुन्या रायफलचा बोल्ट आधी वर उचलायचा, मग मागे, मग पुढे, मग खाली दाबायचा, आणि एवढ्या उस्तवारीत नेम कुठल्या कुठे जायचा. हिच्यावर टेकलेला गाल उचलायचंही कारण नव्हतं.

"दुसरी गोळी डोळ्याचं पातं लवायच्या आत," रॉस म्हणाला. दुकान त्याचंच, पण विकायची घाई त्याला कधीच नसे. "पण दोस्ता, तुझी आहे ती चांगली आहे की. ही कशाला हवी?"

यतिनने बकरीचं सांगितलं. खाणीतल्या दोन दोस्तांबरोबर तो गेल्या रविवारी रानबकऱ्या मारायला गेला होता. मेंढ्यांच्या कुरणाचा त्या फडशा पाडतात, म्हणून मालक स्वतःच बोलावतो. यतिनची पहिली गोळी पोटात लागली. बोल्टशी झटापट करून तो दुसरी भरेपर्यंत बकरी झुडपांत शिरली आणि अंधार पडेपर्यंत ओरडत राहिली. तिघांनी शोधूनही सापडली नाही. नंतर दोस्त बियर उघडून बसले. यतिनने आपली बाटली उघडलीच नाही.

"पहिलीच नीट मार," रॉस म्हणाला. "आणि चुकलीच, तर ओरडत ठेवू नकोस. बाकी सगळं आम्हा दुकानदारांचं बोलणं."

काउंटरच्या काचेवर फोन थरथरला. नाशिकहून शिरीष, धाकटा भाऊ. यतिनने फोन पालथा घातला आणि बोल्ट पुन्हा ओढून पाहिला. लोण्यातून सुरी फिरावी तसा सरकत होता.

बाबा आठवडाभर हॉस्पिटलात होते. कोविडने फुप्फुसं पार पोखरली होती. तोंडावर आवळून बसवलेला मास्क, त्यातून जोराने आत घुसणारी हवा. बाबा तो मास्क ओढून काढत, म्हणून त्यांचे दोन्ही हात कॉटला बांधले होते. शिरीष रोज विचारायचा, दादा, काय करू? आणि यतिन रोज सांगायचा, काही कमी पडू देऊ नकोस. अजून एक इंजेक्शन, अजून एका मोठ्या डॉक्टरचं मत. विमानं बंद, सरहद्दी बंद. इथे ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीत, एकाच्याही तोंडावर मास्क नव्हता, आणि परक्या मुलखात सुखरूप बसलेल्या थोरल्या मुलाने दुसरं करायचं तरी काय?

फोन पुन्हा थरथरला.

"घे की," रॉस म्हणाला. "मी काही पळून जात नाही."

"दादा, तू फोन का उचलत नाहीस?" पीपीई किटच्या आतून शिरीषचा आवाज घुसमटलेला येत होता. "डॉक्टर विचारतायत, व्हेंटिलेटर लावायचा का. ते म्हणाले, खरं सांगायचं तर उपयोग होईलसं वाटत नाही, पण घरचे म्हणत असतील तर लावू. तू मोठा आहेस. तूच सांग."

"शुद्धीवर आहेत?"

"पूर्ण. मी त्यांच्याजवळच उभा आहे." शिरीषने आवाज खाली आणला. "तू रागावशील. मी बाबांना विचारलं. ते नको म्हणतात. सारखी मान हलवतात. हात ओढून ओढून मनगटं सोलली आहेत रे. मास्कच्या आत काहीतरी ओरडतात, पण आम्हाला ऐकूच येत नाही."

'लाव' हा शब्द यतिनच्या जिभेवर तयार होता. आठवडाभर त्याने दुसरं काही म्हटलंच नव्हतं. आपण काही कमी केलं नाही, या एका वाक्यावर त्याला रात्रीची झोप लागत होती. बाबांना त्या वाक्याचा काय उपयोग होता, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. आता आलं, आणि त्याला स्वतःची शरम वाटली.

त्याचा उजवा हात आपोआप चालूच होता. मागे, पुढे. मागे, पुढे. रॉसने नळीला हात घातला आणि रायफल त्याच्याकडून काढून घेतली.

"शिरीष," यतिन म्हणाला, "व्हेंटिलेटर नको. त्यांचे हात सोडायला सांग."

पलीकडे मशीनची फुसफुस चालूच होती.

"दादा, हात सोडले की पहिला मास्कच काढतील ते."

"माहीत आहे मला."

"मग..."

"तू तिथून हलू नकोस. मला ऐकू दे."

पलीकडे बोलणी झाली, सह्या झाल्या. कोणीतरी गाठ सोडत असावं. मग हवेचा मोठा फुसकारा आला आणि मशीन जोरजोरात किंचाळू लागलं. कोणीतरी ते बंद केलं. त्या शांततेत बाबांचा आवाज आला, खरवडलेला, पण त्यांचाच.

"पाणी," बाबा म्हणाले. "कधीचा मागतोय."

रॉस मान खाली घालून रायफल पुसत होता. ती आधीच लख्ख होती.

बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज झाला. मग एक घोट. मग दुसरा. काउंटर घट्ट धरून यतिन ऐकत राहिला.