आयाळीची अळंबी

पंचविसाव्या दिवशी पहिल्या पिशवीच्या चिरेतून पांढरा कोंब बाहेर आला, तेव्हा सुतारानं सगळ्यांत आधी लेकीला फोन करून कळवलं.

बियाणं लेकीनंच पाठवलं होतं. सिंहाच्या आयाळीसारखी लोंबणारी ही अळंबी खाल्ली तर गेलेली आठवण परत येते, असं तिनं कुठंसं वाचलं होतं. डॉक्टरांनी खात्री दिली नाही, पण अपायही नाही म्हणाले. तेवढ्यावर तिनं बापाच्या मागे लकडा लावला. तो आधी टाळत होता. मग एके दिवशी निमूट कामाला लागला.

मागच्या खोलीतून त्यानं रंधे, करवती हलवल्या आणि मांडण्या ठोकल्या. भुसा भिजवून पिशव्यांत भरला, पिंपात वाफवला, निवल्यावर हात धुऊन त्यात बियाणं घातलं. दिवसातून चार वेळा पाणी फवारायचा. त्या खोलीत कुणाला पाऊल टाकू देत नसे. बाहेरच्या हातांनी हिरवी बुरशी धरते, म्हणायचा.

बायको खिडकीपाशी बसलेली असे. चार वर्षांपूर्वी त्यांची गाडी घाटात उलटली. मुलगा जागीच गेला. तिच्या डोक्याला मार लागला. सुताराला खरचटलं तेवढंच. तिला लहानपणची गाणी अजून येत, पण लग्नानंतरचं काहीच उरलं नव्हतं. नवरा समोर आला की पाहुण्याला म्हणावं तसं ती ‘या, बसा’ म्हणे. तो बसायचा. तिची वेणी घालायचा. सूप स्वतः करायचा, स्वतः भरवायचा. शेजारणी आपापल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण देत.

वाटी रिकामी झाली की तो हळूच विचारायचा, “आज काही आठवलं?”

ती नकारार्थी मान हलवायची. तो लांब श्वास सोडायचा आणि वाटी विसळायला न्यायचा.

दोन महिन्यांनी लेक राहायला आली. दारातूनच तिनं नारळाएवढे पांढरे गोळे पाहिले आणि तिला भरून आलं. आईत काडीचा फरक नव्हता, हे तिलाही दिसत होतं. तरी अजून सहा महिने बघू, म्हणाली. रात्री जेवताना ती नेहमीप्रमाणे भावावर घसरली. त्याचा फोटोसुद्धा तिनं आपल्या घरात लावला नव्हता.

“वेगाची मस्ती त्याची,” ती म्हणाली, “आणि भोगतेय आई.”

“गेलेल्या माणसाला बोलू नये,” सुतार ताटात बघत म्हणाला.

“तुम्ही त्याला कायम पाठीशी घातलंत, बाबा.”

तो ताट अर्धवट ठेवून हात धुवायला उठला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक परत गेली. जाताना बापाच्या गळ्यात पडून रडली. तिला बसमध्ये बसवून सुतार घरी आला आणि पिकलेले गोळे धारदार सुरीनं अलगद कापून त्यानं टोपलीत ठेवले. आल्याआल्या गॅसवर चढवलेलं दुधी भोपळ्याचं सूप एव्हाना उकळत होतं. त्यात मीठ-मिरी घालून त्यानं चव पाहिली, आच मंद केली. मग टोपली उचलून परसात नेली, नेहमीच्या खड्ड्यात उपडी केली आणि वर फावड्यानं माती ओढली.

त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं, हे त्याच्याशिवाय फक्त तिनंच पाहिलं होतं.