देऱ्यात लिहिलेली स्कॉटलंडची डायरी

पक्षाघाताच्या झटक्यात खैरुद्दीनची वाचा जवळजवळ गेली. उभा जन्म जहाजांवर काढलेला माणूस दुबईच्या देरा भागातल्या फ्लॅटच्या खिडकीपाशी दिवसभर गप्प बसून राहायचा. "जुन्या आठवणी काढून बोलतं करा त्यांना," डॉक्टर म्हणाले. लग्नानंतरची काही वर्षं तो मालवाहू जहाजावरून स्कॉटलंडच्या किनाऱ्याने हिंडला होता. म्हणून त्याची बायको शहनाझ रोजच्या चहानंतर वही घेऊन त्याच्यासमोर बसू लागली. तो अडखळत सांगायचा, ती त्याच्या प्रवासाची डायरी लिहायची. सुरुवातीला "ॲबरडीन. थंडी." एवढंच. मग हळूहळू शब्दाला शब्द जोडला जाऊ लागला.

एका संध्याकाळी सांगता सांगता तो तिथल्या स्काय बेटावर पोहोचला. "खूप धुकं होतं," तो म्हणाला. "तू आणि मी... टेकडीवर चढलो."

शहनाझचं पेन थांबलं. ती रत्नागिरीहून निघाली ती थेट दुबईला आली होती. त्या वर्षांत ती नुसती त्याच्या फोनची वाट बघायची.

शेजारी बसलेली त्यांची मुलगी इनाया हळूच म्हणाली, "अम्मी, यू वेअर नेव्हर देअर. टेल हिम."

पण आजारपणानंतर तो पहिल्यांदाच इतकं बोलला होता. शहनाझने त्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि विचारलं, "एवढ्या थंडीत मी काय घातलं होतं हो?"

खैरुद्दीनने तिच्या खांद्यांकडे बोट दाखवलं.

"माझा कोट," तो म्हणाला. "मी गारठलो."