भावंडं : नाहीत

"ताई, तुमच्या प्रोग्रामनं घोळ घातलाय." बालगृहाच्या अधीक्षिकेनं कागद पुढे केला. धाकटीला दत्तक घ्यायला आलेल्या जोडप्याला हेच पत्र गेलं होतं. वय तीन. आवड : पाण्यात खेळणं. भावंडं : नाहीत.

खिडकीतून अंगण दिसत होतं. नवरा-बायको बाकावर बसले होते. बायकोच्या मांडीवर धाकटी, अंगात त्यांनी आणलेला कोरा फ्रॉक. आठ वर्षांची मोठी बहीण खांबाशी उभी राहून बघत होती.

प्रोग्रामर खुर्ची ओढून बसली. चूक सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. मुलाची नोंद तयार होता होताच, पुरती व्हायच्या आत, दत्तकाच्या यादीत जाऊन बसत होती. यादीत नाव आलं की पत्र आपोआप निघायचं. भावंडांशी नातं जोडायची ओळ त्याच्यानंतर होती. पत्र निघालं तेव्हा धाकटीचा तो रकाना रिकामाच होता.

"मशीन बिचारं सांगितलं तेवढंच करतं. घाई मीच केली," ती पुटपुटली आणि तिनं क्रम बदलला. आधी दोघींच्या नोंदी पुऱ्या, मग एकमेकींशी जोडणी, आणि यादी सगळ्यात शेवटी.

"ते झालं हो. पण त्यांना काय सांगू?" अधीक्षिकेचा आवाज खाली आला. "सख्ख्या बहिणींची ताटातूट करायची नाही, हा आपला नियम. आणि ही पोरगी पहिल्यांदाच कुणाच्या मांडीवर एवढी रमलीय."

"चूक माझी आहे. मी सांगते."

ती वळली तर दारात मोठी. कधी आली कोण जाणे.

"कॉम्प्युटरमध्ये मी नाहीये का?"

प्रोग्रामरनं तिला जवळ घेऊन स्क्रीन दाखवला. मोठीनं बोट ठेवत आपलं नाव वाचलं, खालचं धाकटीचं वाचलं. मग धाकटीचं पान उघडायला लावलं. तिथेही आपलं नाव आहे याची खात्री करून घेतली.

"आता पुसणार नाही ना?"

"नाही गं."

दोघी अंगणात गेल्या. प्रोग्रामरनं आढेवेढे न घेता सगळं सांगितलं, माफी मागितली. बायको मान खाली घालून फ्रॉकची नाडी उगाच सारखी करत राहिली.

"आम्ही एकीचाच विचार केला होता," नवरा म्हणाला. "घर लहान, आम्ही दोघंही नोकरीवर..."

धाकटीला पेंग येत होती. मान एकदा इकडे कलंडे, एकदा तिकडे. तिला कसं घ्यावं हे बायकोला कळेना. तिनं मोठीकडे पाहिलं.

"कुठल्या कुशीवर झोपते गं ही?"

"माझ्या कुशीत," मोठी म्हणाली.

नवरा उठला. फोन काढून खांबापलीकडे गेला.

"हॅलो, सुतारदादा?" तो म्हणाला. "थांबा जरा. पलंगाच्या फळ्या कापू नका अजून. माप बदलतंय."