दाराखालचा पत्रा

हणमंतानं गाडीच्या ड्रायव्हरकडच्या दाराखालच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला.

"दादा, आबांच्या माघारी त्यांची गाडी हट्टानं घेऊन गेलास आणि समुद्राकाठी उघड्यावर टाकलीस. एकदा तरी खालनं गोड्या पाण्यानं धुवायचीस."

थोरला भाऊ मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "म्हणून तर तुझ्या गॅरेजला आणली. कर की नीट."

हणमंत दातओठ खात कामाला लागला. गंजलेला भाग त्यानं पार चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढला आणि नवा तुकडा बेतून बसवला. मग वेल्डिंगचा एक टाका इथं, दुसरा वीतभर लांब, आणि मध्ये पत्रा निवेपर्यंत थांबायचं. सलग ओढलं की पत्रा वाकडा होतो, हे वडिलांनी, आबांनीच, कान पिळून शिकवलं होतं. थांबलं की राग पुन्हा उसळायचा. तरी त्यानं घाई केली नाही, कारण गाडी आबांची होती.

दुपारी थोरला वैतागला. "किती चेंगटपणा करतोस? पुट्टी भर, वरनं रंग मार. गिऱ्हाईक उद्या गाडी न्यायला येतंय."

"विकलीस?"

"मग? तुला विचारायला पाहिजे होतं?"

हणमंतानं ड्रायव्हरच्या बाजूचं दार धाडकन लावलं, तोंडापुढं वेल्डिंगची काच धरली, आणि ते दार खालच्या नव्या पत्र्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत जोडून टाकलं. सलग, मध्ये कुठंही न थांबता.