तांबडी काच

आमच्या लीलाचं लग्न झालं ते साल १९८५. पुतण्या विश्राम मुंबईहून फोटोची वेगळीच फिल्म घेऊन आला होता, डोळ्यांना न दिसणारा उजेड टिपणारी. धामापूरच्या तळ्याच्या पायऱ्यांवर त्याने आम्हा बायकांना उभं केलं आणि कॅमेऱ्यावर एकेक रंगीत काच लावून पाहिली. पिवळी काढली, तांबडी ठेवली.

माझी धाकटी जाऊ शेवंती काचांची पेटी धरून बाजूला उभी होती. तिचा नवरा दत्ताराम देवगडहून होडीवर गेला तो परतला नव्हता. प्रेत मिळालं नाही, तरी वर्ष सरल्यावर आम्ही तिचं कुंकू पुसलं होतं.

"काकी, तू पण ये गो," विश्राम म्हणाला.

"तिका खंय मधी घेतंस? शुभकार्याचो फोटो आसा," सासूबाई बोलल्या.

शेवंती मान खाली घालून अगदी कडेला उभी राहिली.

फोटो आले. झाडं पांढरीफेक, तळं काळं, आणि आम्हा सगळ्यांची कपाळं कोरी.

"मेल्या, आमका सगळ्यांका रांडा केलंस!" सासूबाई ओरडल्या.

"आजी, तांबड्या काचेतून तांबडा पांढराच येता. कुंकू दिसतला कसा?" विश्राम हसला. मग त्याचं बोट फोटोच्या कडेला थांबलं.

शेवंतीच्या कपाळावर कुंकू होतं. काळंभोर, वाटोळं, आत्ताच लावल्यासारखं.

आमच्यापैकी कोणी मान वर करेना. शेवंतीने फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि माझ्यापुढे धरला.

"आता ह्यां पुसा," ती म्हणाली.

माझा दीर दत्ताराम १९९० च्या मार्गशीर्षात मंगळुरात तापाने वारला.