वळणावरची गळती

लवळ्याच्या कॉलेजात पीएचडी करणारी अपूर्वा नांद्यात सगुणाबाईंच्या माडीवर नुकतीच भाड्यानं राहायला आली होती. काचेच्या केसाएवढ्या वाटेतून प्रकाश वळवून न्यायचा, हे तिचं संशोधन. सेमिनार तोंडावर आला होता आणि कॉम्प्युटरवरचा आराखडा काही केल्या जमत नव्हता. संध्याकाळी तिनं वैतागून गॅलरीतूनच सरांना फोन लावला.

"सर, सरळ रस्त्याला प्रकाश अगदी शहाण्यासारखा जातो हो. पण वळण आलं की हमखास बाहेर निसटतो! किती बंदोबस्त केला, तरी त्याचं तेच."

खाली अंगणात मेथी निवडणाऱ्या सगुणाबाईंचा हात थबकला. त्यांनी सूप बाजूला सारलं, पदर खोचला आणि तरातरा रस्त्याला लागल्या.

सरांनी वळण जरा मोठं घ्यायला सांगितलं. अपूर्वानं तसं करून पाहिलं आणि खरंच, गळती थांबली! सकाळी ती आनंदानं जिना उतरली, तर अंगणात सतरंजी अंथरलेली, चारपाच पाहुणे चहा पीत बसलेले. तिला राहवेना.

"मावशी, जमलं! आता प्रकाश वळणावर निसटत नाही!"

सगुणाबाईंनी तिच्या हातावर पेढा ठेवला.

 

"कसा निसटंल? वळणावरच्या गौतमीसंगं आजच सुपारी फोडतोय आमच्या प्रकाशची. तू फोनवर बोलली म्हणून कळलं बाई, न्हाईतर आमी आंधळंच ऱ्हायलो असतो!"